तोंड केवढं दिसते?

शैलजा दुकानाच्या पायऱ्या चढली तीच वैतागून. टीव्ही घ्यायचा म्हणून बापलेक तीन दिवस खामगावच्या बाजारात हिंडत होते, आणि हे तिसरं दुकान होतं. दिवाळी नुकतीच सरली होती. कापसाच्या गाड्या जिनिंगकडे चालल्या होत्या आणि हवेत इतका कापूस उडत होता, की रस्ता ओलांडेपर्यंत डोक्यावर दोन-चार पुंजके बसायचेच.

दुकानाचे मालक किसनराव मोठ्या उत्साहाचे. एकेका सेटवर हात ठेवत त्यांनी सुरुवात केली.

"हा सॉलिड स्टेट. हा शटरचा. याले स्टॅबिलायझर लागते, त्याले लागत नाही, पण लावलेला बरा. बूस्टर वेगळा घ्या लागते. अन् हा पाहा, मॅडम… बारा चॅनलचा!"

"इथं चॅनल दिसतात किती?" शैलजानं विचारलं.

"सध्या एकच."

"मग बाकीचे अकरा कशाला?"

"येतीन ना पुढं-मागं!"

शैलजा मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. पण चित्र आडवं सरकलं तर हे बटण, उभं पळालं तर ते, पडद्यावर मुंग्या आल्या तर अँटेना फिरवा, मुंग्या गेल्या आणि आवाज गेला तर परत फिरवा — हे ऐकता ऐकता तिचं डोकं गरगरायला लागलं. करमणुकीची वस्तू घ्यायची, की परीक्षेला बसायचं?

तिचे वडील वामनराव मात्र शांत होते. जिनिंग फॅक्टरीत तीस वर्षं कारकुनी करून निवृत्त झालेला माणूस. किसनरावांच्या तोंडाकडे टक लावून त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग तोच प्रश्न विचारला, जो आधीच्या दोन्ही दुकानांत विचारून झाला होता.

"ते सगळं ठीक आहे, किसनराव. बातम्या देते त्या बाईचं तोंड केवढं दिसते यात?"

किसनराव खो खो हसले. बाकावर बसलेली गिऱ्हाइकंही हसली. शैलजाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. दोनेक वर्षांपासून बाबांचं हे असंच चाललं होतं. विचारावं एक, उत्तर यावं भलतंच; कधी उत्तरच नाही. ओट्यावरच्या गप्पा बंद, लोकांकडे जाणं बंद. बाबांचं डोकं आता साथ देत नाही, असं तिनं मनाशी पक्कं धरलं होतं आणि त्यापायी आलेली दोन चांगली स्थळं परत पाठवली होती. आई जाऊन सहा वर्षं झालेली. यांना असं एकटं टाकून जायचं तरी कसं?

"बाबा, तोंडाचं काय घेऊन बसलात…" ती पुटपुटली, आणि तेवढ्यात लाइट गेली.

चित्र नीट दिसावं म्हणून दाराला जाड पडदा लावलेला. आत मिट्ट काळोख झाला.

"वामनराव, चहा घ्याल ना?" किसनरावांचा आवाज आला.

उत्तर नाही.

"वामनराव?"

"बाबा! ते विचारताहेत ना!" शैलजानं आवाज चढवला. तरी उत्तर नाही. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मागच्या टेबलाशी कुणीतरी उठलं. बॅटरी लागली… आणि नवल म्हणजे, त्या माणसानं उजेड दुसऱ्या कुणावर न टाकता आपल्याच चेहऱ्यावर पाडला. सावळा, तरतरीत चेहरा. सदऱ्याच्या खिशात स्क्रू-ड्रायव्हर.

"काका, चहा घेता?"

"घेऊ ना," वामनराव तत्काळ बोलले. "साखर कमी टाकजो."

हा उद्धव. दुकानाचा मेकॅनिक, मूळचा वडनेर भोलजीचा. निघताना तो शैलजाच्या मागोमाग पायरीपर्यंत आला आणि घुटमळला.

"मॅडम, एक सांगू? राग मानू नका… काकाले ऐकू येत नाही."

"काहीतरीच! माझ्याशी रोज बोलतात ते."

"तुमच्याकडे पाहून बोलत असतीन. अंधारात तुम्ही हाक मारली तं ओ दिली नाही. मी तोंडावर बॅटरी मारली तं साखरेचंही सांगतलं." त्यानं आवाज खाली आणला. "लहानपणी मी बाबासंगं कापसाच्या गाडीवर यायचो, तेव्हा काका जिनिंगात यंत्राजवळच बसत. त्या खडखडाटात आपला आवाज आपल्याले ऐकू येत नव्हता. तीस वर्षं, मॅडम… काका ओठ वाचून राह्यले. बातम्यावाली समोर पाहून बोलते ना, म्हणून तिचं तोंड विचारतात."

शैलजानं पर्स खांद्यावर ओढली.

"तुम्ही टीव्ही दुरुस्त करा. माणसं नकोत," ती म्हणाली आणि तरातरा निघून गेली.

पण रात्रभर तिला चैन पडलं नाही. सकाळी वामनराव ओट्यावर पेपर वाचत होते. ती पाय न वाजवता त्यांच्या मागं जाऊन उभी राहिली.

"बाबा."

काही नाही.

"बाबा, दूध उतू गेलं… बाबा, घरात चोर शिरलेत!"

वामनरावांनी शांतपणे पान उलटलं.

आधी तिला हसू आलं. मग आठवलं, की आपण पोळ्या करताना, वेणी घालताना, कपाट आवरताना नेहमी पाठमोऱ्या बोलत आलो, आणि उत्तर आलं नाही की या माणसावर चिडत आलो. तिनं तोंडाला पदर लावून हुंदका दाबला. दाबायची गरजच नाही हे लक्षात आलं, तेव्हा तिला आणखीच रडू कोसळलं.

त्यांना तिनं काही विचारलं नाही. इतकं जपून लपवलेलं आपण ओरबाडून बाहेर का काढायचं? त्या दिवसापासून ती फक्त समोर येऊन बोलायला लागली.

संध्याकाळी ती एकटीच दुकानात गेली. उद्धव एका उघड्या सेटात डोकं घालून बसला होता.

"काल मी तुम्हाला जे बोलले ना…"

"काय बोलल्या? हाव, ते! मनावर नाही घेतलं म्या. दोन दिवस जेवलो नाही, एवढंच."

"बोलले कालच, आणि दोन दिवस?"

"मंग एक दिवस."

"खोटं."

"बरं… एक पोळी कमी खाल्ली." त्यानं इतक्या गंभीरपणे सांगितलं, की ती हसलीच. कितीतरी दिवसांनी हसली.

"कोणता टीव्ही घेऊ?" तिनं विचारलं.

"बारा चॅनलवाला नोको. रंगीतही नोको. हा वीस इंची, काळा-पांढरा. तोंड मोठं दिसते, ओठ साफ दिसतात."

"उद्धव!" गल्ल्यावरून किसनराव ओरडले. "तू माह्याकडे नोकरी करतं का गिऱ्हाइकाकडे?"

उद्धव जीभ चावून हसला. मग शैलजाकडे पाहत एकदम थबकला. "मॅडम, डोक्यावर… कापूस."

तिनं हात फिरवला.

"तिकडं नाही. इकडं."

"इकडे?"

"नाही… थोडं मागं…"

"मंग तुमीच काढा ना आता!" ती वैतागून बोलून गेली, आणि ओशाळली.

"आता बोलल्या तुम्ही आपल्यासारखं," उद्धव म्हणाला. बोटाच्या टोकांनी त्यानं तो पुंजका अलगद उचलला. टाकून मात्र दिला नाही. खिशातल्या स्क्रूंसोबत ठेवून दिला. शैलजानं ते पाहिलं, आणि पाहिलं नाही असं दाखवलं.

टीव्ही घरी आला. अँटेना बसला. वामनराव रोज संध्याकाळी पडद्यासमोर खुर्ची ओढून बसायचे आणि दुसऱ्या दिवशी ओट्यावर शेजाऱ्यांना देशाच्या बातम्या सांगायचे. बोलता झालेला तो माणूस पाहून शैलजाचा जीव सुखावला. पण टीव्हीला काय झालं होतं कोण जाणे, दर चार-पाच दिवसांनी तो बिघडायचा! कधी चित्र पळायचं, कधी मुंग्या यायच्या. शैलजा शाळेतून येताना दुकानात निरोप ठेवायची आणि संध्याकाळी उद्धव हजर. गणिताच्या बाईंना दोन महिन्यांत चार बटणं समजली नाहीत, यावर कुणाचा विश्वास बसत असेल तर बसो.

संक्रांतीनंतरचा एक रविवार होता. टीव्ही चालू होता, वामनराव खुर्चीत. उद्धव टीव्हीच्या मागं वाकून उभा; त्याचं डोकं तेवढं सेटच्या वर दिसत होतं. शैलजा बाबांच्या खुर्चीमागं चहाचा कप धरून उभी होती.

"काहीच नाही बिघडलं, मॅडम," उद्धव हळू आवाजात म्हणाला. "मागल्या खेपेलेही नव्हतं बिघडलं."

"मग आलात कशाला?"

"बोलावलं म्हणून. अन् तुम्ही बोलावलं काऊन?"

शैलजानं कपात पाहिलं. "तुमाले नाही समजत?"

"यंत्राचं समजते. माणसाची दुरुस्ती तुम्हीच मना केली." तो हसला, पण लगेच गंभीर झाला. "शैलजाबाई… वडनेरले बाबाले पत्र लिहून राह्यलो मी. त्यात तुमचं नाव लिहू का? मले तुम्ही आवडता. पहिल्या दिवशी रागानं गेल्या ना, तेव्हापासून."

"बाबा एकटे पडतील…"

"काकाले सोडून या, असं कोण म्हणते? दोन गल्ल्या पलीकडं खोली आहे माही. नाहीतं मीच येतो इथं. फक्त हो का नाही, तेवढं सांगा."

ती काही बोलणार, एवढ्यात वामनरावांनी पुढं वाकून टीव्ही बंद केला.

"थांब बे, उद्धव," ते म्हणाले. "तू काय काय म्हटलं, ते सगळं दिसलं मले. टीव्हीच्या वरच तं होतं तुह्यं तोंड. बातम्यावालीपेक्षा मोठं!"

उद्धव जागच्या जागी थिजला. ज्यानं हे गुपित सगळ्यात आधी ओळखलं, तोच नेमका ते विसरला होता. प्रेमात पडलेल्या माणसाचं असंच होतं.

"पण ही माह्यामागं उभी आहे," वामनराव मागं न वळता म्हणाले. त्यांचा आवाज एकाएकी मऊ झाला. "हिनं काय म्हटलं, ते नाही दिसलं. पोरी, मले ऐकू येत नाही. दोन वर्षं लपवलं. म्हटलं, तुले समजलं तं तू लग्न न करता याच घरात बसून राहशीन… अन् दोन महिन्यांपासून तू समोर येऊन बोलून राह्यली. तेव्हाच समजलो मी, का तुले समजलं. ये. माह्यासमोर येऊन सांग."

शैलजानं कप खाली ठेवला. पदरानं डोळे पुसले आणि ती बाबांच्या पुढ्यात जमिनीवर गुडघे टेकून बसली. अगदी जवळ. मग आवाज न काढता, फक्त ओठांनी, सावकाश बोलली.

वामनराव बराच वेळ तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी तरारलं.

टीव्हीमागच्या उद्धवला तिची वेणी तेवढी दिसत होती. त्याचा जीव कासावीस झाला. "काका… काय म्हणल्या त्या?"

"ऐकू नाही आलं तुले?" वामनरावांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. "लिहून टाक बे पत्र."