निळं होईपर्यंत

खरं तर त्याला शेजारच्या प्रयोगशाळेत जायचं होतं. हातात हत्यारांची पेटी, खांद्यावर वायरचं वेटोळं — आणि उभा राहिला माझ्या दारात.

"पीएच मीटर बिघडलाय तो इथेच ना?"

"शेजारी. माझा ठणठणीत आहे."

तो वळला... पुन्हा वळला. "त्या पिवळ्या पाण्याकडे एवढं टक लावून काय बघताय?"

"निळं व्हायची वाट बघतेय."

झालं! पेटी खाली टेकली.

मग सांगावंच लागलं. पाण्यात थोडं आम्ल, थोडा युरिया, सोयाबीनमधून काढलेलं एन्झाइम, आणि आंबटपणा गेला की पिवळ्याचा निळा होणारा एक रंग. आंबट पाण्यात एन्झाइम अगदी आळसावतं. तरी चिमूटभर युरिया फोडतं, त्यातून अमोनिया सुटतो. अमोनियाने आंबटपणा जरा उतरतो, की एन्झाइमला जरा हुरूप, की अमोनिया आणखी थोडा... वरून मात्र सगळं शांत. आणि मग एकाएकी — निळं!

"म्हणजे स्वतःच्याच कामाने स्वतःला चेव येतो?"

"हो. आणि अतीच झालं तर स्वतःच मंदावतं. आंबट सोसत नाही, तसं फार अल्कधर्मीही सोसत नाही."

"नखरेल आहे," तो म्हणाला. पाण्याकडे बघून म्हणाला... बहुतेक.

पुढच्या मंगळवारी तो माझा ठणठणीत मीटर तपासायला आला. त्याच्या पुढच्याही. मीटरची काचेची कांडी हलक्या आम्लात धुवायचा, माझाच बीकर घ्यायचा, आणि जाताना विसळून परत रॅकवर ठेवायचा. केवढा टापटिपीचा माणूस, असं मला वाटायचं.

इकडे माझी झोप उडाली. रंग अकराव्या मिनिटाला बदलायला हवा. माझा सगळा प्रबंध त्या अकरा मिनिटांवर उभा. पण मंगळवारी कधी चौदा, कधी सोळा!

मी वही त्याच्यापुढे सरकवली. "फक्त मंगळवारीच. का?"

त्याचे कान लाल झाले. "मंगळवारी तर... मी येतो."

"तेवढ्याने एन्झाइम लाजत नाही हो."

काचसामान धुणाऱ्या मावशी कोपऱ्यातून फणकारल्या, "लाजेल कशाला? या मीटरवाल्याने आम्लाचा बीकर नुसता विसळून ठेवलाय. मी तीन तीनदा धुते, आणि याचं आपलं एक पाणी की झालं!"

दोघंही बघतच राहिलो. बीकरला चिकटलेला आम्लाचा एवढासा अंश — तेवढा आंबटपणा उतरवायलाच एन्झाइमला तीन ते पाच मिनिटं जास्त लागत होती.

"माफ करा, मॅडम," तो ओशाळून म्हणाला. पण नंतर आम्ही हसत सुटलो. तो हसला म्हणून मी, मी हसले म्हणून तो, थांबवायचं कुणी?

पुढच्या मंगळवारपासून अकरा म्हणजे अकरा. प्रबंध मार्गी लागला. आणि मला ती पाच मिनिटं आठवत राहिली.

मग एका मंगळवारी तो पेटी न उघडताच उभा राहिला. "माझी बदली झाली. तीन तासांवरच्या गावी. आज इथला शेवटचा दिवस."

मी ढवळत राहिले.

"गाडीला वेळ आहे. हे निळं होईपर्यंत थांबू?"

"थांबा ना."

तो मीटर लावायला वाकला. मी ड्रॉपर उचलला... एक थेंब. आणखी एक. आम्लाचे.

आंबटपणा वाढला तसा मीटरचा आकडा घसरला. तो हळूच म्हणाला, "मॅडम, सुरुवात चारला होते ना? हा साडेतीन दाखवतोय."

"बिघडला असेल."

"मी आत्ताच तपासून लावलाय."

ड्रॉपर अजून माझ्या हातात होता. लपवणार कुठे?

"माझ्याकडून चुकून झालं होतं," त्याचा आवाज अगदी खाली आला. "तू मुद्दाम केलंस?"

तो मला पहिल्यांदाच 'तू' म्हणाला होता.

"हो. अकरा मिनिटं फार कमी पडत होती... मला."

त्याने ड्रॉपर माझ्या बोटांतून अलगद काढून घेतला. हात मात्र तिथेच राहिला. "तिकडे मंगळवारी सुट्टी मागून घेतलीय मी. तुला न विचारताच. मीटर तपासायला येईन म्हणतो."

"मीटर ठणठणीत आहे."

"ते मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे."

"अगं, ए पोरी!" मावशी ओरडल्या. "निळं होऊन कधीचं बसलंय ते! वेळ लिहिलीस का?"

वही उघडून बघा. बाकी प्रत्येक दिवशी मिनिटं आहेत, सेकंद आहेत. त्या मंगळवारच्या रकान्यात एवढंच — 'रंग बदलला. केव्हा, ते पाहायचं राहून गेलं.'