उजवी कड

मिरजेच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या छपाईच्या गाळ्यात गेल्या दोन वर्षांत जाहिराती छापायचं प्लॅस्टिकचं व्हिनाइल एकदाही वाकडं गेलं नव्हतं. याचं श्रेय मंदाकिनी कोष्टी स्वतःकडे घेत आणि त्यात कुणाला काही गैर वाटत नसे. पाच फूट रुंदीचा रोल मशीनवर चढवायचा, त्याची मोकळी कड दोन्ही हातांनी सारखी ओढून धरायची आणि वरची दाबचाकं खाली पाडायची, हे काम त्या बावीस वर्षं करत होत्या. एक हात जरा ढिला पडला, की व्हिनाइल काही फुटांनंतर तिरकं चालू लागतं, त्याला चुणी पडते आणि शाई फवारणारं हेड तिच्यावर घासतं.

मदतीला दोन वर्षांपासून ‘समताण’ होतं. मशीनमध्ये बसवलेले संवेदक व्हिनाइलच्या दोन्ही कडांचा ताण सेकंदाला हजार वेळा मोजत आणि कुठे कमी पडला, तर छोट्या मोटारी तो गुपचूप भरून काढत. हात चांगला असेल त्याला असल्या कुबड्या कशाला, असं मंदाताईंनी बसवायला आलेल्या माणसाला तोंडावर सांगितलं होतं.

मंगळवारी सकाळी तोच माणूस संवेदकांची पट्टी बदलायला आला आणि समताण बंद झालं. चार सिटी बसवर चिकटवायच्या जाहिरातींचं काम संध्याकाळपर्यंत द्यायचं होतं. पहिलाच रोल नवव्या फुटाला डावीकडे सरकला. उजव्या कडेला चुणी आली.

“रोल कधी आलाय?” मंदाताईंनी विचारलं. गार व्हिनाइल खोलीच्या हवेला सरावायच्या आत चढवलं तर दगा देतं.

“परवापासून इथंच आहे की,” इर्शाद म्हणाला. गाळा त्याचा होता, पण रोल चढवायला तो मंदाताईंकडूनच शिकला होता.

त्यांनी दाबचाकं स्पिरिटने पुसली. रोलची पुठ्ठ्याची नळी दोन्ही बाजूंनी घट्ट बसली आहे का, ते चाचपून पाहिलं. पुन्हा चढवला, तर आठव्या फुटाला सरकला. तिसऱ्यांदा सातव्यालाच. बावीस वर्षांचं नाव एका सकाळीत मातीत जाणार, असं त्यांना वाटलं.

“मी बघू का एकदा?” इर्शादने जरा भीतभीतच विचारलं.

त्याने तोच रोल, त्याच मशीनवर चढवला. व्हिनाइल तीस फूट सरळ गेलं. उरलेले रोल इर्शादनेच चढवले आणि मंदाताई बाजूला उभ्या राहून छापलेलं व्हिनाइल कापत राहिल्या.

दुपारी समताण सुरू झाल्यावर मंदाताई मशीनच्या पडद्यासमोर गेल्या. “मी चढवलेल्या रोलची जुनी नोंद सांग.”

“उजव्या कडेचा ताण चौदा महिन्यांपासून कमी होत आहे,” समताण म्हणालं. “सुरुवातीला एक टक्का. काल एकोणीस टक्के. प्रत्येक वेळी तूट भरून काढली आहे.”

“आणि इर्शादच्या रोलची?”

“काही बदल नाही.”

“मग चौदा महिने मला सांगितलं का नाहीस?”

“छपाई बिघडली नाही. छपाई बिघडणार असेल, तरच सूचना द्यायची आहे.”

मंदाताईंनी उजवा हात पुढे धरला. तो थरथरत नव्हता. बघायला चांगला धडधाकट हात होता. मग त्यांना भाकरी आठवली. ती हल्ली एका अंगाला जाड राहते म्हणून सून हसायची आणि त्याही हसायच्या. घरात बाकी सगळ्याला यंत्रं होती, फक्त भाकरीच त्या नुसत्या हाताने करत होत्या. आता मात्र त्यांना भीती वाटली. अगदी साधी, लहानपणी अंधारात वाटायची तशी.

“थकवा असेल, ताई,” इर्शाद म्हणाला.

“चौदा महिने थकवा नसतो रे.”

“उद्या डॉक्टरांकडे जाऊ. मी येतो. ही सगळी नोंद छापून घेऊ, त्यांना उपयोग होईल.” मग तो थोडा थांबून म्हणाला, “कामाची काळजी करू नका. समताण आहे ना. उद्यापासूनही रोल सरळच जातील.”

तो धीर द्यायला बोलला होता, हे त्यांना कळत होतं. पण रोल सरळ जात राहिले, म्हणूनच तर चौदा महिने काही कळलं नव्हतं.

सहा वाजता बसचं काम गेलं. मंदाताईंनी पिशवी घेतली आणि दारापर्यंत जाऊन त्या थांबल्या. बाहेर त्यांची स्कूटर उभी होती. सिग्नलला पाय न टेकवता स्वतःच उभी राहणारी, वळणावर स्वतःच सावरणारी, वर्षभरापूर्वी मुलाने हौसेने घेऊन दिलेली. त्या परत आल्या आणि किल्ली इर्शादच्या टेबलावर ठेवली.

“इर्शाद, रोज घरी स्कूटर मी नेते, का ती मला नेते?”