कोण धरून बसलंय

माझ्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका आधीच पोटात घाला. मी नववीत शाळा सोडली आणि त्यानंतर जे काही लिहिलं ते बहुतेक मशीनला लिहिलं. मशीनला भारी शब्द लागत नाहीत, त्यामुळे माझ्याकडे ते कधी साठले नाहीत. चारचौघांत बोलायची वेळ आली की माझी जीभ टाळ्याला चिकटते. म्हणून दिव्याजवळ बसून एकाच माणसाला सांगावं तसं हे लिहितो आहे. जे झालं तेवढंच लिहीन.

मी एका मोठ्या इस्पितळात सर्व्हर सांभाळतो. म्हणजे तळघरातलं ते यंत्र, ज्यात सगळ्या पेशंटच्या तपासण्या, नोंदी, याद्या असतात. वरच्या मजल्यांवरचे कॉम्प्युटर जे काही दाखवतात ते त्याच्याकडून मागून घेऊन दाखवतात.

हे काम मला मास्तरांनी शिकवलं. पूर्वी ते टायपिंग शिकवायचे, म्हणून मास्तर. बोटांचे सांधे दुखायचे त्यांचे. दिवसभर मलम चोळत बसायचे आणि सगळी खोली त्या वासानं भरून जायची. सर्व्हरच्या लोखंडी कपाटाचं दार उघडण्याआधी ते अंगठीनं दोनदा वाजवत. टक टक. का म्हणून विचारलं तर म्हणायचे, आत कुणी कामात असेल तर दचकायला नको. आणि एक नियम त्यांनी माझ्या डोक्यात ठोकून बसवला होता. कुठलीही गोष्ट बंद करण्याआधी ती कोण धरून बसलंय ते बघायचं.

त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. त्याच तळघरात, खुर्चीत बसल्या बसल्या गेले. सकाळी मीच दार उघडलं होतं.

तो रविवार होता. सर्व्हरवरची जागा संपत आली होती आणि साहेबांनी आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं की तीन वर्षांत ज्या फाइलींना कुणी हात लावलेला नाही त्या पुसून टाक. दुपारी साडेबाराला मी लिफ्टपाशी आलो. आमचे लिफ्टवाले काका त्या दिवशी हवेत होते. त्यांची लेक चौथ्या मजल्यावर बाळंतपणासाठी दाखल होती. आजोबा झालो की लिफ्ट बसून चालवणार, उभं राहून नाही, असं त्यांनी मला सांगितलं. मी गळ्यात दोरीला पेन ड्राइव्ह अडकवून फिरतो, म्हणून ते मला डॉक्टर म्हणतात.

"डॉक्टर, खाली कुणाचं ऑपरेशन?" ते म्हणाले.

साफसफाई आहे, असं मी सांगितलं.

खाली गेलो. पुसायच्या फाइलींची यादी काढली. हजारभर नावं होती. वरची वीस वाचली, खालची वीस वाचली, मधलं वाचलं नाही. कोण धरून बसलंय ते बघितलं नाही. एक वाजून दहा मिनिटांनी कमांड दिली आणि डबा खायला वर आलो.

दुसरा घास घेतला तेवढ्यात फोन आला. चौथ्या मजल्यावरच्या मोठ्या सिस्टर बोलत होत्या. कुठलीच फाइल उघडत नाही, स्क्रीनवर फक्त येतंय की सिस्टीममध्ये फार जास्त फाइली उघड्या आहेत. मग त्यांनी आवाज खाली आणला. काकांच्या मुलीला मुलगी झाली होती, पण रक्त थांबत नव्हतं. तिचा रक्तगट लाखात एखाद्याचा. दुसरं कुठलंच रक्त तिला चालणार नव्हतं. आमच्याकडे एकच पिशवी होती, ती लावली होती. अजून दोन तरी हव्या होत्या, तासा-दीड तासात. असं रक्त देणाऱ्यांची नावं आणि फोन नंबर दुर्मीळ रक्तगटाच्या यादीत होते. ती यादी उघडत नव्हती.

मी साहेबांना फोन लावला. ते बाहेरगावी होते. म्हणाले, विचार कसला करतोस, रीस्टार्ट मार, पाच मिनिटांत सगळं जागेवर येईल. आमच्याकडे कुठल्याही दुखण्यावर हाच काढा असतो.

लिफ्टचं दार काकांनीच उघडलं. त्यांना अजून सगळं कळलं नव्हतं, पण चेहरा पांढरा पडला होता.  खाली मी बाहेर पडताना ते एवढंच म्हणाले, "मी इथंच दार धरून उभा राहतो."

तळघराला खिडकी नाही. भरदुपारी दोन वाजता तिथं रात्र असते. दिवे हालचालीवर लागतात. माणूस चालला की त्याच्या डोक्यावरचा दिवा लागतो, माणूस स्थिर बसला की मिनिटभरानं विझतो. पुढच्या रांगेत मी बसतो, मागची रांग रिकामी कपाटं ठेवायची. यंत्रांच्या पंख्यांचा घुंऽऽ असा एकसारखा आवाज असतो. त्या आवाजाची मला इतकी सवय आहे की तो मला शांततेसारखाच वाटतो.

मी सर्व्हरसमोर बसलो. आमची बाकीची खाती अडकली तरी मुख्य खात्याला त्या यंत्रासमोर बसून काम करता येतं. मी आत शिरलो. रीस्टार्टची कमांड लिहिली. फक्त बटण दाबायचं राहिलं होतं.

डोक्यावरचा दिवा विझला. मी फार वेळ हललो नव्हतो.

आणि मागच्या रांगेतला दिवा लागला.

मी वळून बघितलं. कपाटांच्या फटींतून उजेड जमिनीवर पट्ट्यापट्ट्यांनी पडला होता. त्यात कुणाची सावली नव्हती. पंख्यांच्या आवाजातून, अगदी स्वच्छ, लोखंडावर अंगठी वाजल्यासारखं झालं.

टक टक.

मग वास आला. मलमाचा...

पळून जावं असं वाटलं. पण पळून जाणार कुठं, लिफ्टच्या दारात काका उभे होते. बटणावरचं बोट मात्र मी काढलं. त्या वासानं मला नियम आठवला. लिहिलेली कमांड खोडली आणि कुठली फाइल कोण धरून बसलंय ते दाखवणारी कमांड दिली.

थोडं समजावून सांगतो. सर्व्हरकडे ठरावीक बिल्ले असतात असं समजा. जो कुणी फाइल उघडतो त्याला एक बिल्ला मिळतो, फाइल बंद केली की तो परत करायचा. आमच्याकडे पासष्ट हजार बिल्ले होते आणि एरवी दोन-तीन हजारही लागत नसत. त्या दुपारी सगळे संपले होते. स्क्रीनवरून ओळी पळायला लागल्या आणि थांबेचनात. सगळ्या ओळी एकसारख्या. एकाच प्रोग्रामनं एकच फाइल साठ हजारांहून जास्त वेळा उघडून धरली होती. एका प्रोग्रामला आम्ही हजारच्या आसपास मर्यादा घालतो. याला कुणी घातलेलीच नव्हती.

फाइलीचं नाव होतं दुर्मीळ रक्तगटाची यादी. आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी एक शब्द होता. पुसलेली.

 ती यादी मीच पुसली होती. मास्तर दर महिन्याला त्या अकरा माणसांना फोन करून नंबर तपासायचे, यादीत बदल करायचे. ते गेल्यावर कुणी हात लावला नाही, म्हणजे तीन वर्षं झाली, म्हणजे ती माझ्या हजारांत आली. दुसऱ्या इमारतीतली प्रत दर पाव तासानं आरशासारखी बदलते. इथं पुसलं की तिथंही पुसलं जातं. कागदावरची वही गेल्या वर्षी लगद्याला गेली होती.

पण फाइल पुसणं म्हणजे खोलीच्या दारावरची पाटी काढणं. बाहेरून कुणाला ती खोली सापडत नाही. तरी आत आधीच कुणी दारात पाय अडकवून उभं असेल, तर तो पाय निघेपर्यंत खोली तशीच राहते, आतल्या सामानासकट. रीस्टार्ट केलं असतं तर तो पाय निघाला असता.

मी बघितलं, पाय कुणाचा आहे. खातेदाराच्या जागी नाव नव्हतं, नुसता आकडा होता. पाचशे एक. खातं पुसलं की सर्व्हरला नाव आठवत नाही, आकडा तेवढा उरतो. पाचशे एक मास्तरांचा होता. ते खातं गेल्या वर्षी मीच पुसलं होतं. त्यानंतर बॅटऱ्या बदलताना सर्व्हर पूर्ण दिवस बंद होता, त्यामुळे जुना प्रोग्राम मागं राहिला म्हणावं तर तेही शक्य नव्हतं. प्रोग्राम सुरू झाल्याची वेळ मी दोनदा वाचली. एक वाजून नऊ मिनिटं. मी कमांड देण्याच्या एक मिनिट आधी.

"मास्तर...?" मी म्हणालो. आवाज माझ्याच कानापर्यंत पोचला नाही.

मी पुन्हा स्क्रीनकडे वळलो. उघड्या फाइलींचा आकडा एकानं वाढला. टक टक. अजून एकानं वाढला.

उघडी धरलेली फाइल, ती धरणाऱ्याच्या हातातून उतरवून घेता येते. तेही मास्तरांनीच शिकवलं होतं, एकदा, कंटाळवाण्या दुपारी, आणि म्हणाले होते की हे आयुष्यात एकदाच लागेल. कमांड तीनदा चुकली. चौथ्यांदा लागली. गळ्यातला पेन ड्राइव्ह लावला, यादी त्यावर उतरवली, उघडून खात्री केली की आत अक्षरं आहेत.

तेव्हा आकडा उतरायला लागला. साठ हजार, चाळीस हजार, नऊ हजार... भराभरा, कुणीतरी ओझं खाली ठेवावं तसा. मागचा दिवा विझला. मी हललो, माझा दिवा लागला. वास निघून गेला होता.

काकांनी खरंच लिफ्टचं दार हातानं धरून ठेवलं होतं. वर जाताना त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "सापडलं?" मी मान हलवली. 

सिस्टरांनी लॅपटॉपवर यादी उघडली. मी कोपऱ्यात उभा राहिलो आणि एका दमात सांगून टाकलं की ही फाइल माझ्या हातून पुसली गेली होती. त्यांनी ते ऐकलं की नाही कोण जाणे, त्या फोन फिरवत होत्या. पहिले तीन लागले नाहीत. चौथा परदेशात. पाचवा गावातच होता, एका शाळेतला शिपाई, तो म्हणाला वीस मिनिटांत पोचतो. सहावीला ताप होता. अकरापर्यंत पुढं एकही मिळाला नाही. म्हणजे एकच पिशवी होणार होती, आणि हव्या होत्या दोन.

सिस्टरांनी चष्मा वर केला. "अकरा नाहीत रे, बारा आहेत."

अकराच होती, असं मी म्हणालो. मास्तरांचे फोन ऐकून ऐकून ती नावं मला पाठ झाली होती.

"मग हे काय? हे तुझंच नाव ना?"

मी वाकून बघितलं. शेवटच्या ओळीत माझं नाव होतं, वडिलांच्या नावासकट. पुढं माझा फोन नंबर, जो मी महिन्यापूर्वीच घेतला होता. मी कधी रक्त दिलेलं नाही. सुई बघितली की मला घेरी येते. माझा गट कुठला हे मला माहीत नव्हतं, आणि घरीही कुणाला माहीत नव्हतं.

सिस्टर म्हणाल्या, तपासून बघायला काय जातं. मला नाही म्हणता आलं नाही. त्यांनी बोट टोचलं, नमुना खाली पाठवला. निकाल सांगायला रक्तपेढीतल्या बाई स्वतः वर आल्या. त्यांनी दोनदा तपासलं होतं. गट तोच होता.

त्यानंतरचं मला नीट आठवतं, कारण मी छताकडे बघत होतो. शाळेतला शिपाई शेजारच्या खाटेवर होता. तो मला सांगत होता की मूठ उघड-मीट कर, छान जमतंय. काका दारात उभे होते. माझी पिशवी भरत आली तेव्हा ते आत आले आणि माझ्या पायांवरची चादर नीट केली. दुसरं काही केलं नाही.

सहा वाजून चाळीस मिनिटांनी सिस्टर बाहेर आल्या आणि म्हणाल्या, रक्त थांबलं, काकांची लेक बोलायला लागली, पाणी मागतेय. काका मटकन खुर्चीत बसले. मग त्यांनी बाळाला माझ्यासमोर आणलं. मी दोन्ही हात पाठीमागं घेतले, तर म्हणाले, "धर की. आता तिच्या आईच्या अंगात तुझं रक्त आहे, लाजतोस काय." मी धरलं. आयुष्यात मला इतकं उंच झाल्यासारखं कधी वाटलं नव्हतं. त्या दिवशी मी चौघांसमोर मोठ्यानं हसलो, आणि कुणालाच त्यात काही विशेष वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी कामावर आलो. काका खुर्ची टाकून लिफ्ट चालवत होते. मी साहेबांना फोन करून माझी चूक सांगितली, काही न झाकता, आणि माझी जीभ एकदाही अडकली नाही. मग खाली गेलो. दारावर दोनदा वाजवलं. बिल्ल्यांची संख्या वाढवली, प्रत्येक प्रोग्रामची मर्यादा तपासली, पुसलेलं महिनाभर बाजूला राहील अशी सोय केली. शेवटी, सवय म्हणून, कोण काय धरून बसलंय ते बघितलं.

सगळं जागेवर होतं. दोन हजार एकशे काही फाइली, सगळ्यांना नावाचे धनी. फक्त एक ओळ वेगळी होती. पाचशे एक. त्यानं एकच फाइल धरली होती, नवजात बाळांची नोंदवही. तिच्यात शेवटची नोंद काकांच्या नातीची होती. ओळीच्या शेवटी लिहिलं होतं, पुसलेली.

मी जाऊन बघितलं. नोंदवही तिच्या जागी होती, धडधाकट. अजून कुणी पुसली नव्हती.

मी तिच्या तीन प्रती काढल्या. एक पेन ड्राइव्हवर, एक वर सिस्टरांच्या लॅपटॉपवर, एक कागदावर. मग खाली परत आलो, खुर्ची मागच्या रांगेच्या तोंडाशी ओढली, आणि दिवा विझू नये म्हणून हात हलवत तिथंच बसून राहिलो.