चरबीला जागाच नव्हती

शाल्मलीच्या जयसिंगमामाला मधुमेह झाला आणि त्याच्या यकृतात चरबी साचली, हे घरात कोणालाच पटेना. मामा शर्यतीतला सायकलस्वार. अंगाने काटक, हातापायांच्या शिरा दोरीसारख्या उठून दिसणाऱ्या.

"चोरून काहीतरी खात असशील," आजी म्हणाली.

मामाने जेवण निम्म्यावर आणलं. भूक मात्र त्याला सारखी लागायची. पुढच्याच शर्यतीत तो चक्कर येऊन पडला.

मग तो मिरजेच्या एका प्रयोगशाळेत गेला. शाल्मलीही हट्टाने बरोबर गेली. साल होतं २०५८. डॉ. नसीम मुजावर यांनी त्याला काचेच्या चौकटीत उभं केलं आणि समोर हवेत त्याच्या शरीराची प्रतिमा उमटली. त्यात चरबी पिवळी दिसत होती. नंतर शाल्मली उभी राहिली. तिच्या कातडीखाली सगळीकडे पिवळा थर होता. मामाच्या हातापायांत तो जवळजवळ नव्हताच. यकृत मात्र पिवळंधमक.

"मी गुबगुबीत असून बरी आणि मामा बारीक असून आजारी? हे उलटंच झालं."

"उलटं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "कातडीखाली मेदपेशी (चरबी साठवणाऱ्या पेशी) असतात. त्या थंडीपासून जपतात, मार झेलतात. पण त्यांचं मोठं काम म्हणजे जास्तीची चरबी सांभाळून ठेवणं. तुझ्या मामाच्या जनुकात (आईवडिलांकडून आलेल्या सूचनेत) दोष आहे. त्यामुळे त्याच्या हातापायांत हे कोठारच नीट तयार झालं नाही. धान्याला कणगी नसेल तर ते कुठे जाईल?"

"घरभर सांडेल."

"तसंच झालं. चरबी यकृतात आणि स्नायूंत सांडली. तिथे ती इन्शुलिनचं (रक्तातली साखर पेशींत पोहोचवणाऱ्या रसायनाचं) काम अडवते. शिवाय मेदपेशी मेंदूला 'पोट भरलं' असा निरोप धाडतात. त्याच कमी, म्हणून निरोपही कमी."

"म्हणून मला भूक," मामा हळूच म्हणाला. "मी खादाड नव्हतो तर."

"नव्हतात."

शाल्मलीने विचारलं, "मग चरबी जितकी जास्त तितकं चांगलं?"

"नाही. कणगी शिगोशीग भरली तरी धान्य सांडतंच. फार लठ्ठ माणसांत तेच होतं."

डॉक्टरांनी मामाच्याच पेशींपासून नव्या मेदपेशी वाढवल्या आणि त्याच्या मांड्यांच्या कातडीखाली रुजवल्या. उपचार नवा होता. लागू पडेलच असं नाही, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. मामाने औषधं सोडली नाहीत आणि आहारही सांभाळला.

दिवाळीच्या सुमारास पुन्हा तपासणी झाली. या वेळी आजीही आली होती. मांड्यांभोवती फिकट पिवळी कड दिसली. यकृतातला पिवळेपणा बराच ओसरला होता.

"आता उलट बाजूने प्रयत्न चाललाय," डॉक्टर म्हणाल्या. "ज्यांची कोठारं ओसंडतात, त्यांची जास्तीची चरबी कमी करण्यासाठी."

आजीने प्रतिमेकडे बराच वेळ पाहिलं. मग पिशवीतून पेढ्यांचा पुडा काढून डॉक्टरांपुढे धरला.

मामा हसला. "चरबी वाढली म्हणून पेढे वाटणारं आपलं पहिलंच घर असेल."

"असू दे," आजी म्हणाली आणि अर्धा पेढा मोडून त्याच्या हातावर ठेवला.