आठव्या अध्यायाचा स्वभाव

माझ्या लेकीचा, गौतमीचा ताप उतरला, तरी डॉक्टरांनी सांगितलं होतं, झोपेत श्वास मोजत जा; मिनिटाला चाळीसच्या वर गेले तर घेऊन या. म्हणून मी मोजत होते आणि मधल्या वेळात प्रबंध लिहीत होते. गुलमंडीत कापडाच्या दुकानावर आमच्या दोन खोल्या. प्रबंधाचा विषय: लिखाणावरून पोथीकाराचा स्वभाव ओळखणं.

पोथी पाचोडच्या चुलत सासूबाईंची, वच्छलाबाईंची. आठ अध्याय, कर्ता एकच महाराज, अशी घराची श्रद्धा. देताना त्यांनी एवढंच बजावलं होतं, "शेवटची ओवी वाचायची नाय. तिच्या जागी पहिली म्हणायची अन् बांधून ठिवायची."

"का हो, आत्या?"

"पोथी संपली की लिव्हणारा आसनावरून उठतो म्हणतेत. बसू द्यावं त्याला."

मी शब्द पाळला. शेवटची ओवी सोडून प्रत्येक अध्यायातले उतारे आजच्या मराठीत उतरवले आणि नावं न घालता, लिखाणावरून माणूस ओळखणाऱ्या बद्रीनाथ सरांकडे पाठवले. पारख तपासायला नववा उतारा माझ्याच वहीतला घातला: गौतमीचं दूध, औषध, श्वास. हे सरांना ठाऊक नव्हतं.

दुपारी सरांचा फोन आला.

"पहिले सात एका माणसाचे. करडा, शिस्तीचा, मानी. आठवा बाईचा. ही दाराची कडी तीन-तीनदा बघते, लेकराचे श्वास मोजते. आणि मॅडम, आठवा न् नववा एकाच बाईचे. माझी परीक्षा घेता व्हय?"

मी हसले. "आणखी काही, सर?"

"शेरा लिहिलाय. असं मोजणं धास्तीचं नसतं. लेकरू गेल्यावरचं असतं."

फोन ठेवून मी आतल्या खोलीत गेले. गौतमी झोपली होती. छत्तीस. खिडकी बंद केली. दार ओढून घेतलं, आपटून ती जागी होऊ नये म्हणून बाहेरून कडी लावली, तीनदा चाचपली.

मग ठरवलं. एका शेऱ्याला भिऊन पोथी अर्धवट सोडायची नाही. शेवटचं पान उलटलं.

तीनदां चाचपिली कडी ।
मोजिली श्वासांची घडी ।
चौथ्यानें न उघडे कवाडी ।
आंत मोजणें चाले ॥

मी उठले. कडी काढली.

दार हललं नाही.

आतली कडी माझ्या डोक्याच्या वर आहे. गौतमीला अजून धरल्याशिवाय उभं राहता येत नाही.

खांदा लावला. पुन्हा लावला. दार उघडणारच होते मी.

आतून हलका आवाज आला. सदतीस. अडतीस.

आवाज माझा होता.

एकोणचाळीसला तो थांबला.