शून्य विषमांकाचे लांडगे

"काका, या यंत्रात माझं डोकं घालू का?"

प्रश्न ऋजुताचा, पण पैज मैत्रिणींची. नववीची अख्खी टोळी ऋजुताच्या बाबांच्या प्रयोगशाळेच्या दारात तोंडं दाबून उभी होती. बाबांचे सहायक तुपेकाका हाकलून देतील, असंच सगळ्यांना वाटलं होतं. पण काकांनी लांडग्याची कवटी बाजूला केली आणि स्टूल पुढे ओढलं. "ये बाई. चष्मा काढ."

कपालदर्शी यंत्र तिच्या डोक्याभोवती घूं घूं करत फिरलं. पडद्यावर आकडा उमटला : विषमांक १.८.

"म्हणजे नापास?"

"म्हणजे जिवंत! डावी-उजवी बाजू कुणाचीच तंतोतंत सारखी नसते. वाढीच्या वयात अन्नपाणी बिघडलं की हा फरक, म्हणजे विषमांक, वाढतो. म्हणून तर तुझे बाबा माळावर मेलेल्या लांडग्यांच्या कवट्या मोजतात. लांडगे तळ्याचं पाणी पितात. ते धडधाकट, तर तळं चांगलं."

आणि तळं चांगलं, म्हणून उद्यापासून त्याचंच पाणी गावाच्या नळाला. आई सरपंच, ती चावी फिरवणार. पहिला पेला ऋजुता पिणार. नवा ड्रेस इस्त्री करून टांगलेलाही होता.

मैत्रिणी खिदळत पळाल्या. ऋजुताची नजर मात्र भिंतीवरच्या यंदाच्या यादीत अडकली. ०, ०, ४.१, ०... चाळीसातले तेवीस लांडगे चक्क शून्य!

"काका, जिवंत म्हणून मी १.८. मग हे कोण, साच्यातून काढलेत?"

"अगं, त्या मोडक्या कवट्या. एकही कवटी टाकायची नाही, हा तुझ्या बाबांचा नियम. अर्धी फुटलेली असली की यंत्र उरलेली बाजू उलटवून तिथे बसवतं. आरसाभरण म्हणतो आम्ही."

"आणि मग तिची तुलना तिच्याशीच? फरक शून्यच येणार की!"

तुपेकाका यादीतली शून्यं बोटाने मोजू लागले.

"दहा वर्षांपूर्वी मोडक्या किती होत्या?"

"दोन." ते पुटपुटले. "यंदाच्या उचलतानाच पिचतात. पापडासारख्या."

"मोडक्या वगळा ना, काका."

त्यांनी एकदा दाराकडे पाहिलं, मग कळ दाबली. दहा वर्षांपूर्वीची सरासरी २.२. यंदाची ४.६.

संध्याकाळी बाबा तळ्याचा अहवाल पाकिटात घालत होते. ऋजुताने दोन्ही आकडे समोर ठेवले. बाबांनी कागद दोनदा वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला.

"सरासरी सुधारलीय म्हणून मी खूश होतो," ते हळूच म्हणाले.

"बाबा, हाडं जितकी ठिसूळ, तितकी शून्यं जास्त. आजारी लांडगेच तुमची सरासरी सुधारत होते."

"पत्रिका वाटून झाल्यात गं," आई म्हणाली. "पाहुणे येणार. आता आयत्या वेळी?"

ऋजुता ताठ उभी राहिली.

"मी ड्रेस घालणार, मांडवात येणार, पेलाही हातात घेणार. पण पिणार नाही. का पिणार नाही, ते माइकवर सांगणार आहे. बाबा, तुम्ही शेजारी उभे राहिलात तर बरं वाटेल. नाही राहिलात, तरी सांगणारच."