डाव्या बाहीवरचा टाका

ही १९७३ सालची गोष्ट. त्या वर्षी ऑगस्ट सरायच्या आतच सोंग-कोल सरोवराकाठच्या कुरणांवर गारा कोसळल्या, आणि मी – राजधानीतून, फ्रुंझेहून, आलेली सव्वीस वर्षांची बुरुल – टाचांचे बूट घालून घाटातल्या रस्त्यावर एकटीच उभी होते.

कोचकोर गावाहून निघालेली माझी लॉरी वाटेत बंद पडली होती. “होईल दुरुस्त, बसा,” असं ड्रायव्हर तिसऱ्यांदा म्हणाला तेव्हा मी उतरले आणि चालू लागले. बसून राहणं मला तेव्हाही जमत नसे, आजही जमत नाही. अर्ध्या तासात आभाळ फाटलं. गारा डोक्यावर ताडताड वाजत होत्या, बूट चिखलात रुतत होते, आणि छातीशी धरलेल्या चित्रांच्या गुंडाळीला मी कोटाच्या आत लपवत होते... तेवढ्यात मागून एक निळा ट्रक आला. कुरणांवर फिरणारं सरकारी दुकान होतं ते. खिडकीची काच खाली झाली.

“काय देऊ, एजे? साखर आहे, चहा आहे, साबण आहे.”

“बसायला जागा आहे?”

“ती विकत नाही मी.” त्यानं माझ्या बुटांकडे पाहिलं. “पण हे बूट बघून फुकट द्यावीशी वाटते.”

मी आत चढले. केसांतून पाणी निथळत होतं, पण मान ताठ होती. “आणि मी तुमची एजे कुठून झाले? वय काय तुमचं?”

“अठ्ठावीस.”

“मग मी लहान आहे.”

“बरं झालं,” तो रस्त्याकडे बघत म्हणाला, “तुम्हाला ताई म्हणायची माझीही इच्छा नव्हती.”

त्याचं नाव कुबात. उन्हानं रापलेला चेहरा, डाव्या भुवईत एक जुनी खोक, आणि हात... त्या हातांबद्दल मी पुढे सांगेन. त्यानं मागे हात घालून रबरी बुटांचा एक जोड काढला आणि माझ्या मांडीवर ठेवला. बूट दोन मापं मोठे होते. मी ते घातले आणि स्वतःलाच हसू आलं. फ्रुंझेच्या फॅशन हाऊसमधली, नव्या कपड्यांची चित्रं काढणारी बाई! कुणी पाहिलं असतं तर?

“कुणाकडे जायचंय?”

“उम्सुनाई आपांकडे. नमद्याचं काम त्यांच्यासारखं कुणाचं नाही म्हणतात.”

तो ओठ दाबून हसला. तासाभरानं सरोवराकाठच्या तंबूपाशी ट्रक थांबला. दारात कमरेवर हात ठेवून एक उंच बाई उभी होती.

“आपा,” तो ओरडला, “साखर आणली, चहा आणला... आणि ही एक मुलगी!”

उम्सुनाई आपा म्हणजे त्याची आई होती.

मी कशासाठी आले होते, ते आधी सांगायला हवं. मला नमद्याचा कोट करायचा होता. आमच्याकडे नमदा, म्हणजे लाटून घट्ट केलेली लोकर, जमिनीवर अंथरतात, त्यावर बसतात, झोपतात, त्यावर मुलं रांगतात. पण तो अंगावर घालायचा? आमच्या प्रमुख क्लावदिया सेम्योनोव्ना माझं चित्र बघून म्हणाल्या होत्या, “बुरुल, बाईला सतरंजी गुंडाळून मॉस्कोच्या समितीपुढे उभी करणार आहेस का? जा, करून आण. पण फसलं तर यापुढे तू शाळेचे गणवेशच काढशील.” सप्टेंबरात समिती येणार होती. निवडलेले कपडे परदेशातल्या प्रदर्शनाला जाणार होते आणि सोबत ज्यानं त्यांची चित्रं काढली तोही. मी लहानपणी आजीच्या नमद्यावर पालथी पडून मेंढ्याच्या शिंगांच्या नक्षीवरून बोट फिरवत असे. एका शिंगातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात... ती नक्षी मला चालताना, वळताना, पायऱ्या उतरताना बघायची होती. बास, एवढंच.

आपांनी माझं चित्र उलटंसुलटं धरून पाहिलं.

“म्हणजे लोकांनी जमीन अंगावर घ्यायची?”

“हो, आपा.”

“आणि बसायचं कशावर?” मग स्वतःच खो-खो हसल्या. “पातळ लोकर लागेल. कोकरांची. बस, वाडगाभर कुमिस पी. फार वाळलेली आहेस.”

पुढचे आठ-दहा दिवस मी त्या तंबूत राहिले. लोकर पिंजली, ओली केली, लाटली. एक थर पांढरा, एक लाल. मग ज्या दिवसाची मी वाट पाहत होते तो आला. आपांनी पांढरा थर खाली आणि लाल वर ठेवला, वर खडूनं शिंगं काढली आणि एकाच सुरीनं दोन्ही एकदम कापले. आमच्याकडे ही रीतच आहे. पांढऱ्यातून निघालेली शिंगं लालच्या पोकळीत बसवायची, आणि लाल शिंगं पांढऱ्याच्या. काही वाया जात नाही. एक करायला जावं आणि जुळं जन्माला यावं, असं ते काम.

“मला पांढराच हवाय, लाल शिंगांचा,” मी म्हणाले. “दुसऱ्याचं करा काहीतरी. बैठक वगैरे.”

आपांनी सुरी खाली ठेवली. “जुळ्यातल्या एकाला जमिनीवर झोपवू? दुसऱ्याचाही कोटच होईल. माझ्या घरात राहील तो. कोण घालेल ते बघू.”

आणि असं म्हणून त्यांनी माझ्याकडे न बघता, दाराकडे बघितलं. दारात कुबात होता.

तो रोज येऊ लागला होता. त्याचा ट्रक पाच कुरणांवर फिरायचा, पण त्या आठवड्यात बाकीच्या चार कुरणांना साबण मिळाला असेल असं मला वाटत नाही. एके दुपारी मी झऱ्यावरून परतले तर तंबूत आपा नव्हत्या. कुबात मांडी घालून बसला होता आणि नमद्याला काठाची दोरी टाचत होता. सुई त्याच्या जाड बोटांतून अशी जात होती जशी पाण्यातून मासोळी. मला पाहताच त्यानं सुई पाठीमागे लपवली.

“पाहिलंत?”

“पाहिलं.”

“आपाला तीन मुलगेच. मुलगी नाही. मी धाकटा, म्हणून माझ्या हाती सुई आली.” कानांपर्यंत लाल झाला होता तो. “कोचकोरच्या ड्रायव्हरांना कळलं तर मला ट्रक घेऊन चीनमध्ये पळावं लागेल.”

“नाही सांगणार. पण एका अटीवर.”

“काय?”

“मी बघत असताना शिवायचं.”

त्यानं शिवलं. मी बघत राहिले. बाहेर सरोवरावर वारा सुटला होता, घोडे फुरफुरत होते... कधी कधी तो मान वर करायचा, मी लगेच नक्षीकडे बघायचे.

ठरलं असं, की कापलेले तुकडे मी घेऊन जायचे आणि कोट फ्रुंझेत बेतून शिवायचा. निघायच्या सकाळी डोंगरमाथे पांढरे झाले होते, घाईच होती. आपांनी मला ताज्या तळलेल्या बोरसोकांची पिशवी भरून दिली. गाठोडं कुबातनं बांधलं. कोचकोरच्या बसपर्यंत त्यानंच सोडलं.

“आमच्याकडे पुन्हा येणार?” बस सुरू होताना त्यानं विचारलं.

“काम असलं तर.”

“असेल,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात मला उगाचच खात्री वाटली.

दुसऱ्या दिवशी फॅशन हाऊसच्या मोठ्या टेबलावर सगळ्यांसमोर मी गाठोडं सोडलं. शिवणाऱ्या बायका भोवती जमल्या. क्लावदिया सेम्योनोव्ना गळ्यात टेप अडकवून, सिगारेट ओठांत धरून उभ्या होत्या. मी पांढरी पाठ अंथरली. मग शिंगं काढली...

पांढरी. सगळीच्या सगळी पांढरी.

“पांढऱ्यावर पांढरं,” क्लावदिया सेम्योनोव्ना म्हणाल्या. “फारच तरल नक्षी आहे हो. दिसतच नाही.”

एक बाई फिसकन हसली. माझे कान तापले. ज्या पोकळीतून जे शिंग निघालं तेच तिच्यात परत बसत होतं. लाल शिंगं वर कुरणावर राहिली होती! समिती गुरुवारी येणार होती, आणि त्या दिवशी होता सोमवार. वर जाऊन यायचं तर सगळा वेळ रस्त्यातच गेला असता.

“गणवेशाचं निळं कापड काढू का?” त्यांनी विचारलं.

“नका काढू,” मी म्हणाले. गाठोडं पुन्हा बांधलं, काखेत मारलं आणि सरळ बसस्थानकावर गेले. रडायचं तर बसमध्ये रडेन, असं मनाशी ठरवलं होतं.

बसस्थानकासमोर निळा ट्रक उभा होता.

कुबात पायरीवर बसून सूर्यफुलाच्या बिया खात होता. धुतलेला शर्ट घातला होता, केस पाणी लावून चापून बसवले होते. शेजारी एक गाठोडं.

“माझी पांढरी शिंगं न्यायला आलोय,” तो उठत म्हणाला. “आपाचा लाल कोट अडलाय.”

मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. “गाठोडं तुम्ही बांधलंत.”

“मीच बांधलं.”

“चुकून?”

“नाही.”

“कुबात! घाट बंद झाला असता तर?”

“म्हणून तर लगेच निघालो. रात्रीचा मुक्कामही केला नाही.” मग त्यानं हातातल्या बिया खिशात टाकल्या आणि माझ्याकडे सरळ पाहिलं. “तुम्ही म्हणालात, काम असलं तर. मी म्हटलं... काम माझ्याकडेच असू दे. माझा अपराध आहे, बुरुल. शिक्षा सांगा. पण एक कळत नाही. तुमची नजर एवढी बारीक. मी समोर बसून बांधत होतो. तुम्हाला दिसलं कसं नाही?”

“मी गाठोड्याकडे बघत नव्हते.”

“मग कुठे बघत होतात?”

बस निघून गेली, धूळ उडाली, खालीही बसली.

“हातांकडे,” मी म्हणाले.

त्यानं दोन्ही हात पाठीमागे लपवले, तशी मी पुढे म्हणाले. “आणि शिक्षा ही, की चला. सगळ्या बायकांसमोर बसून शिवायचं.”

आमच्या शिवणखोलीत त्यापूर्वी कुठल्याही पुरुषानं सुई धरली नव्हती. कुबात मांडी घालून टेबलावर बसला, कारण खुर्चीवर बसून त्याला शिवता येईना. बायकांना चेवच आला.

“अहो ड्रायव्हर, मला पण एक ब्लाउज शिवून द्या!”

“लग्न झालंय का हो यांचं? माझी बहीण आहे!”

“बहिणीला ट्रक चालवता येतो का?” तो दोरा दातांनी तोडत म्हणायचा. “घरातलं शिवण मी बघतो. कुणीतरी ट्रक चालवायला हवा.”

मी बेतत होते, तो काठ टाचत होता. लाल शिंगं पाठीवरून खांद्यावर चढली, खांद्यावरून बाहीत उतरली. बुधवारी दुपारी फक्त डावी बाही उरली. बाकीच्या बायका चहाला गेल्या होत्या. खिडकीतून ऊन तिरपं आलं होतं.

“निवड झाली तर तुम्ही किती दिवस जाणार?” त्यानं मान वर न करता विचारलं.

“वर्षभर. बुडापेस्ट, प्राग... जिथे प्रदर्शन जाईल तिथे.”

सुई थांबली नाही. “म्हणजे जो कोट तुम्हाला नेणार, तो मीच शिवतोय.”

“हो.”

“बरोबर शिवू की जरा चुकवू?”

“बरोबर शिव,” मी म्हणाले. “मला जायचंय. खूप जायचंय. पण दुसरा कोट तुझ्या घरात आहे, कुबात. जुळ्यातला. आपा म्हणाल्या होत्या ना, कोण घालेल ते बघू? मी येऊन घालणार आहे तो. तू कुणाला घालू देऊ नकोस.”

तेव्हा मात्र सुई सटकली. तो माझ्याकडे बघतच राहिला आणि काठाच्या ओळीतून एक टाका तिरपा बाहेर पडला.

संध्याकाळी क्लावदिया सेम्योनोव्नांनी चष्मा लावून कोट तपासला. “सुंदर आहे,” त्या म्हणाल्या, आणि हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होते. “फक्त बाहीवरचा एवढा टाका उसवून नीट करा.”

“नाही,” मी म्हणाले. “तो राहू दे.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, टेबलावरच्या कुबातकडे पाहिलं, आणि सिगारेट पेटवली. “राहू दे,” त्या म्हणाल्या.

गुरुवारी कोटाची निवड झाली. समितीतल्या एका गृहस्थांनी विचारलं, ही कल्पना कुठून सुचली? मी म्हणाले, जमिनीवरून.

मी वर्षभर फिरले. पुढेही आयुष्यभर फिरले. परतले तेव्हा आपांनी लाल कोट माझ्या खांद्यांवर घातला, आणि त्याच दुपारी माझ्या डोक्यावर सुनेचा पांढरा रुमाल बांधून मला घरात घेतलं.

क्लावदिया सेम्योनोव्ना निवृत्त होऊन सारातोवला बहिणीकडे गेल्या. दर नववर्षाला त्यांचं कार्ड यायचं. आम्ही पाठवलेल्या नमद्याच्या सपाता त्या शेवटपर्यंत घरात वापरत होत्या. उम्सुनाई आपांनी आमची दोन्ही मुलं पाहिली. “जमीन पाठीवर चढली,” असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला माझ्याकडे बोट दाखवून सांगत. सरकारी दुकानं बंद पडली तेव्हा कुबातनं तो निळा ट्रक सोडला आणि कोचकोरला आमची शिवणशाळा उघडली. त्यात तो मधोमध मांडी घालून बसायचा, आणि ज्या ड्रायव्हरांची त्याला भीती वाटायची, त्यांच्या सुनांना शिवण शिकवायचा. चार वर्षांपूर्वी वसंतात तो गेला. सकाळी, चहा घेता घेता.

पांढरा कोट मात्र परत आला नव्हता. प्रदर्शनानंतर तो तिकडेच कुठेतरी राहिला. लाल माझ्याकडे आहे. थंडीत मी तोच घालते. त्यातली शिंगं त्या हरवलेल्या कोटाच्या अंगातून निघालेली आहेत, त्यामुळे तो कधी पुरता हरवला असं मला वाटलं नाही.

गेल्या महिन्यात माझी नात आयझादा, जी बुडापेस्टला शिकते, तिचा फोन आला. एका संग्रहालयात काचेमागे पांढरा कोट उभा आहे म्हणाली, लाल शिंगांचा. मी म्हटलं, डाव्या बाहीचा फोटो काढून पाठव. तिनं पाठवला. खाली विचारलं होतं, “आजी, सगळं काम एवढं सफाईदार, मग हा एकच टाका वाकडा कसा? कुणी दुरुस्त का नाही केला?”

मी फोटो मोठा करून बराच वेळ बघत बसले. मग तिला लिहिलं, “तिथे मी तुझ्या आजोबांना पहिल्यांदा ‘तू’ म्हणाले होते.”